पाण्यातल्या सापळ्यात आमिष रात्रभर टिकवायचं कसं?

तुम्ही विचारलंय की खेकड्यांसाठी संध्याकाळी नदीत पिंजरा सोडता, आत कोंबडीची आतडी बांधता आणि सकाळी बघावं तर आमिषही गायब, खेकडेही नाहीत. मी खानापूर तालुक्यातला, मलप्रभेच्या काठचा. कुर्ल्या, म्हणजे खेकडे, हा आमच्याकडे जिव्हाळ्याचा विषय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं काम म्हणजे आतडी बंद करा. ती सगळ्यात मऊ. बारके मासे जाळीबाहेरून ओढून ओढून तासाभरात फस्त करतात आणि कुर्ली यायच्या आत ताट रिकामं होतं. त्याऐवजी कोंबडीचे पाय आणि कातडीसकट मान घ्या. चिकनवाला जवळजवळ फुकट देतो. कातडी आणि शिरा चिवट असल्यामुळे कुर्लीला नांगीनं तोडत बसावं लागतं आणि तेवढा वेळ ती पिंजऱ्यात राहते.

आमिष नक्की कशानं जातं, हे सकाळी पिंजरा वर काढल्यावर ओळखता येतं. नुसती हाडं राहिली असतील आणि ती साफ चाटल्यासारखी दिसत असतील, तर बारके मासे किंवा झिंगे. कडा ओरबाडलेल्या, तुकडे तुटलेले असतील तर कुर्ली येऊन खाऊन गेली, म्हणजे दोष पिंजऱ्याच्या तोंडात आहे, आमिषात नाही. तिसरा प्रकार बहुतेकांच्या लक्षात येत नाही. तुकडा जसाच्या तसा असतो, पण पांढराफटक, पिठूळ झालेला. तो मोडून नाकाशी धरा, काहीच वास येणार नाही. त्याचा रस पाण्यानं धुऊन नेलेला असतो. असा तुकडा आणखी दोन दिवस राहिला तरी त्याच्याकडे कोणी फिरकणार नाही. कुर्ली रात्री वासाच्या मागावर येते, त्यामुळे टिकवायचा आहे तो वास.

यावर माझ्या मते सर्वांत चांगला उपाय बाटलीचा. अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली घ्या, खिळा तापवून तिला आगपेटीच्या काडीच्या गुलाएवढी दहा-बारा छिद्रं पाडा. छिद्रं जास्त झाली तर रस लवकर धुऊन जातो. दोन-तीन छिद्रं वरच्या अंगाला हवीतच, नाहीतर हवा अडकून बाटली तरंगते. आत एक गुळगुळीत दगड आणि आमिषाचे मोठे तुकडे टाकून झाकण घट्ट लावा. बारीक तुकडे करू नका, तुकडा जितका बारीक तितका तो लवकर निथळतो. बाटली पिंजऱ्याच्या मधोमध टांगा, जाळीला चिकटून नको, नाहीतर कुर्ली बाहेरच बसून नांगी घालत राहते. बाटलीशेजारी मानेचा एक तुकडा तारेनं उघडाच बांधा. बाटलीतला वास रात्रभर लांबवर जातो आणि आत आलेलीला तोंडात घालायला काहीतरी मिळतं. नुसती बाटली ठेवली तर कुर्ली घुटमळून परत जाते.

आमिष म्हणून मला बांगडा आणि तारली आवडतात, कारण तेलकट मासा वास जास्त वेळ सोडतो. गोवा-कारवारकडचा मासा बेळगावच्या बाजारात मिळतो. डोकी स्वस्तात मागून घ्या. त्यांना खडे मीठ चोळून एक रात्र ठेवा, सुटलेलं पाणी ओतून द्या. मिठानं मांस आवळून घट्ट होतं आणि कुजणं लांबतं. फ्रीझरमध्ये ठेवायचं असेल तरी मीठ लावूनच ठेवा, कारण बिनमिठाचा मासा गोठून सुटला की लगेच भुगा होतो. एवढा खटाटोप नको असेल तर आठवडी बाजारातला खारा बांगडा घ्या. तो पाण्यात हळूहळू फुगतो आणि सकाळपर्यंत टिकतो.

मार्च-एप्रिलमध्ये पाणी कोमट आणि संथ असतं, तेव्हा आमिष झपाट्यानं नासतं. नासका वास जितका उग्र तितकी कुर्ली जास्त, असं आपल्याकडे बरेचजण म्हणतात. मला ते पटत नाही. जरा शिळं चालतं, पण सडलेलं आमिष पिंजऱ्याभोवतीचं पाणीच खराब करतं. पावसाळ्यात उलट त्रास. कणकुंबी-जांबोटीकडे पाऊस धरला की ओहोळ असे धावतात की बाटलीसुद्धा तासाभरात निथळते. तेव्हा पिंजरा मोठ्या दगडाच्या आडोशाला ठेवा आणि त्याचं तोंड प्रवाह जातो त्या दिशेला करा. वास खाली वाहत जातो, कुर्ली त्या वासानं वर चढत येते आणि थेट तोंडाशी पोचते.

चिलापी किंवा इतर माशांसाठी सापळा लावत असाल तर मांसापेक्षा शेंगदाण्याची पेंड बरी. घाण्यावरून आणून कुटा, निम्मा तांदळाचा कोंडा आणि मूठभर नाचणीचं पीठ घालून घट्ट मळा, मुठीएवढे गोळे वाफवा आणि सावलीत सुकवा. कच्चा गोळा पाण्यात विरघळतो, वाफवलेला थोडा थोडा झिजत राहतो. तो मच्छरदाणीच्या कापडात बांधून टांगा.

एक विनंती मात्र मनापासून. आमिष टिकतंय म्हणून पिंजरा दोन-दोन दिवस पाण्यात सोडू नका. आत अडकलेल्या कुर्ल्या एकमेकींच्या नांग्या तोडतात. संध्याकाळी ठेवा, उजाडताच काढा. पोटाखाली पिल्लं धरलेली मादी निघाली तर तिथंच पाण्यात सोडा, कारण आपल्या गोड्या पाण्यातल्या खेकड्यांची पिल्लं आईच्या पोटाखालीच वाढतात, आई गेली की सगळी गेली. राकसकोप जलाशयाच्या पाण्यात आमिष टाकू नका, ते बेळगावकरांचं प्यायचं पाणी आहे. हिडकलसारख्या धरणात उतरण्याआधी मत्स्यखात्याकडे परवानगीची चौकशी करून घ्या.

तुमचा पिंजरा बांबूचा आहे की लोखंडी जाळीचा, आणि तोंड केवढं आहे, ते कळवा. कडा ओरबाडलेलं आमिष मिळत असेल तर पुढचं त्यावरून सांगतो.