वाचकांचे प्रश्न : स्टुडिओ बंद झाला, पेट्या राहिल्या

गावोगावच्या जुन्या फोटो स्टुडिओंचं आणि रंगकर्मी घराण्यांचं सामान आज कोणाच्या घरी, कोणत्या अवस्थेत आहे, असं आम्ही मागच्या अंकात विचारलं होतं. आलेल्या पत्रांपैकी सहा निवडली आहेत. पत्र पाठवणाऱ्यांची नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : आजोबांचा तालुक्याच्या गावी फोटो स्टुडिओ होता. माळ्यावर दोन पत्र्याच्या पेट्या सापडल्या. काचेच्या प्लेटा, रोलच्या निगेटिव्ह, पिवळी पाकिटं आणि बिलबुकं आहेत. काहींवर बुरशी आहे, एका डब्यातून आंबट वास येतो. साफसफाई कुठून सुरू करू? (नागभीड तालुका, जि. चंद्रपूर)

पेट्या आजच खाली उतरवा, पण पुसायला बसू नका. कोणती निगेटिव्ह कोणत्या पाकिटात आणि कोणतं पाकीट कोणत्या डब्यात, हा क्रम म्हणजे तुमच्या आजोबांचं दफ्तर आहे. स्टुडिओवाले पाकिटावर नंबर टाकत आणि तोच नंबर बिलबुकात गिऱ्हाइकाच्या नावासमोर लिहीत. पाकीट कुजकं म्हणून फेकलंत, की त्या चेहऱ्याचं नावही गेलं. म्हणून आधी उघड्या डब्याचा वरून मोबाइलने फोटो घ्या. डब्याला अक्षर द्या, पाकिटाला नंबर द्या आणि वहीत उतरवा. नव्या पाकिटावर आधी मऊ पेन्सिलीने लिहा, मगच निगेटिव्ह आत घाला. आत निगेटिव्ह असताना लिहिलं तर अक्षरांचा दाब तिच्यावर उठतो. जुनी पाकिटं वेगळ्या खोक्यात जपून ठेवा.

आंबट वासाचा डबा त्याच दिवशी बाकीच्यांपासून लांब करा. ती अ‍ॅसिटेट या प्लास्टिकची फिल्म आहे आणि चित्राखालचा तो प्लास्टिकचा पाया तुटतो आहे. तुटताना अ‍ॅसेटिक आम्ल सुटतं, आणि तेच आम्ल शेजारच्या चांगल्या फिल्मलाही लागतं. घट्ट झाकणाचा डबा यात सगळ्यात वाईट. कुजणं उलटवता येत नाही, फक्त थंडीने मंदावतं. म्हणून या निगेटिव्हच्या नकला सर्वांत आधी करा. मग कागदी पाकिटात घालून, त्यावर दोन झिपच्या पिशव्या चढवून घरच्या फ्रिजमध्ये ठेवल्या तरी चालतं. बाहेर काढल्यावर मात्र पिशवी दुसऱ्या दिवशीच उघडायची, नाहीतर निगेटिव्हवर दव धरतं.

1950 च्या आधीची फिल्म असेल तर ती नायट्रेटची, म्हणजे झटकन पेट घेणारी असू शकते. कडेला इंग्रजीत ‘सेफ्टी’ छापलेलं दिसलं तर चिंता नाही. ते नसेल आणि फिल्म पिवळी, चिकट किंवा तपकिरी भुकटी सोडणारी असेल, तर ती पत्र्याच्या छपराखाली ठेवू नका. तुकडा पेटवून पाहायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. नायट्रेटला जळायला बाहेरची हवा लागत नाही, पाण्याखालीही ती जळत राहते. 2003 मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या जुन्या नायट्रेट फिल्म आगीतच गेल्या.

बुरशी आधी सावलीत, हवेशीर जागी सुकू द्या. उन्हात नको. सुकल्यावर अंगणात, तोंडाला एन-95 मास्क लावून, मऊ ब्रशने झटका. पाणी लावू नका. बुरशीने खाल्लेलं जिलेटिन, म्हणजे चित्र धरून ठेवणारा थर, पाण्यात विरघळतो आणि चित्र डोळ्यांदेखत वाहून जातं. चकचकीत बाजू 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या कापसाने हलकेच पुसता येते, पण मंद, म्हणजे चित्राच्या बाजूला हात लावायचा नाही. देवीचे वण आणि सुरकुत्या घालवण्यासाठी पेन्सिलीने केलेलं रिटचिंग बहुधा त्याच बाजूला असतं. चेहरा उजळ छापला जावा म्हणून निगेटिव्हवर तांबडा रंगही लावत. तो डाग समजून पुसणारे बरेच निघतात!

काचेच्या प्लेटा आडव्या रचू नका. एक डझन हाफ प्लेटांचं वजन किलोभर भरतं आणि तळाच्या तडकतात. लांब कडेवर उभ्या ठेवा, मध्ये कागद. फुटलेली प्लेट सेलोटेपने जोडायची नाही. दोन साध्या काचांच्या मध्ये तुकडे जुळवा आणि फक्त बाहेरच्या कडा कागदी पट्टीने बांधा.

आता जागा. आपल्याकडे विदर्भात मे महिन्यात खोलीची आर्द्रता वीस टक्क्यांच्या खाली जाते आणि आषाढात ऐंशीच्या वर. जिलेटिन हा ताण दरवर्षी सोसतं, आकसतं, फुगतं आणि शेवटी कडेने सुटतं. तीस ते पन्नास टक्के चांगले. माळा, कवेलूखालची किंवा स्लॅबखालची वरची खोली आणि बाहेरची भिंत या तिन्ही जागा टाळा. घराच्या मधल्या खोलीत, जमिनीपासून फूटभर वर, लोखंडी कपाट बरं. सागवानी पेटी कितीही देखणी असली तरी लाकूड आम्लाची वाफ सोडतं. आणि कूलरची खोली अजिबात नको. चार महिने ओली हवा थेट कपाटावर मारण्यासारखं आहे ते. साठ लिटरच्या पेटीला पाव किलो सिलिका जेल, म्हणजे ओलावा शोषणारे दाणे, कापडी पुरचुंडीत, मृगापासून दिवाळीपर्यंत. उन्हाळ्यात ते काढून घ्या, नाहीतर फिल्म ठिसूळ होते. नारंगी दाणे घ्या, रंग गेला की ओव्हनमध्ये 110 ते 120 अंशांवर दोन-तीन तास तापवा. निळ्या दाण्यांत कोबाल्ट असतं, ते स्वयंपाकाच्या भांड्यात नकोत. डांबरगोळ्या, रबरबँड आणि तळाला अंथरलेली वर्तमानपत्रं काढून टाका.

प्रश्न : आमचे मोठे बाबा झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या नाटकांचे आणि फोटो स्टुडिओचे पडदे रंगवत. दरबाराच्या पडद्यावर गावातल्याच लोकांची तोंडं काढत. आत्याबाई लग्नाच्या फोटोतली माणसं कात्रीने कापून दुसऱ्या फोटोत चिकटवायच्या. वारलेल्या आजीशेजारी नातसून बसलेला फोटो आहे आमच्याकडे! धाकटे काका चित्राखाली तारीख उलटी लिहीत. गाव आम्हाला येडंच म्हणायचं. पडदे घड्या घालून ठेवले आहेत. धुवावेत का? कापलेले फोटो नीट करून घ्यावेत का? (वडसा परिसर, जि. गडचिरोली)

धुवू नका. मांजरपाटावर खडूची पूड किंवा झिंक व्हाइट सरसात कालवून अस्तर द्यायचं आणि वर सरसातलेच भुकटीचे रंग, अशी ही पद्धत. सरस पाण्यात सुटतो. खात्री करायची तर मागे दुमडलेल्या कोपऱ्यावर ओला कापूस टेकवा. रंग कापसावर आला की समजा, पाण्याचं नाव काढायचं नाही. इस्त्रीही नको.

घडी उघडायला मुहूर्त लागतो, आणि तो उन्हाळ्यात नाही. कोरड्या हवेत सरस काचेसारखा तडकतो आणि घडीच्या रेषेवरचा रंग खपल्यांनी पडतो. पाऊस उघडल्यावर, कोजागरीच्या आसपास, हवेत थोडा ओलावा असताना उघडा. चौघांनी चार कोपरे धरून, खाली धुतलेली चादर अंथरून, एकेक घडी सोडायची. धूळ काढायला व्हॅक्यूमच्या तोंडावर मच्छरदाणीचा तुकडा बांधा आणि ओढ कमीत कमी ठेवा. पडलेल्या खपल्या लिफाफ्यात घालून त्यावर जागा लिहा.

पुन्हा घडी घालायची नाही, गुंडाळायचं. त्यासाठी जाड नळी हवी. स्प्रिंकलरचे 75 मिलिमीटरचे पाइप शेतात पडलेले असतात, पण ते बारीक पडतात. पाणीपुरवठ्याचा 160 मिलिमीटरचा काळा एचडीपीई पाइप घ्या, कारण पीव्हीसीपेक्षा तो कमी वायू सोडतो. पाइपवर धुतलेला कोरा मांजरपाट गुंडाळा, मग पडदा रंगाची बाजू बाहेर ठेवून गुंडाळा. रंग आत ठेवला तर तो दाबला जाऊन सुटतो. दोन्ही टोकं आधारावर अशी ठेवा की पडद्याचा भार जमिनीवर येणार नाही. उधळी, म्हणजे वाळवीही तिथे पोचणार नाही.

गुंडाळण्याआधी पडद्याचे फोटो घ्या. सकाळच्या सावलीत, कॅमेरा पडद्याला समांतर, प्रत्येक फोटो शेजारच्यावर एक-तृतीयांश चढलेला. मग त्या तोंडांचं काम करा, कारण ते ओळखणारे फार दिवस नाहीत. प्रिंटवर पातळ कागद ठेवून चेहऱ्यांच्या बाह्यरेषा गिरवा, प्रत्येकाला नंबर द्या आणि म्हाताऱ्यांना एकेकट्याने दाखवा. चौघे एकत्र बसले की जो मोठ्याने बोलतो त्याचंच नाव लागतं.

आत्याबाईंच्या फोटोंना हात लावू नका. वारलेल्या माणसाला कुटुंबाच्या फोटोत आणून बसवणं हे तेव्हाच्या स्टुडिओंचं नेहमीचं काम होतं. आत्याबाई ते उघड्या कात्रीने करत, एवढाच फरक. कापलेली कड, डिंकाचा डाग, मागचं लिखाण, सगळं त्या कामाचा भाग आहे. कॉम्प्युटरवर सांधे बुजवलेली प्रत हवी तर वेगळी करा आणि तिच्यावर तसं लिहा. काकांची उलटी तारीख वहीत जशीच्या तशी उतरवा. तुम्ही लावलेला अर्थ शेजारच्या रकान्यात.

तारखांचा गुंता सोडवायला तुमच्याकडे पडदाच आहे. स्टुडिओत एकच पडदा वर्षानुवर्षं टांगलेला असायचा. महालाच्या पडद्यावर ठिगळ लागलं, कमानीवर नवा हात फिरला, खुर्चीचा हात मोडला, कुंडी बदलली. हे बदल फोटोंत शोधा आणि फोटो क्रमाने लावा. एकाच फोटोवर खात्रीची तारीख सापडली तरी तिच्या अलीकडचे-पलीकडचे सगळे जागेवर बसतात. वेडं म्हणवलेल्या घराण्याने स्वतःचं कॅलेंडर रंगवून ठेवलं आहे.

प्रश्न : वडील 84 वर्षांचे आहेत. शंकरपट (बैलजोड्यांच्या शर्यती), मंडई (गावची जत्रा), लग्नं, नाटकं, सगळ्याचे फोटो त्यांनी काढले. आठवणी रेकॉर्ड करायला बसलो की दोन वाक्यांत संपतं. (साकोली तालुका, जि. भंडारा)

‘तुमच्या आठवणी सांगा’ म्हटलं की कोणीही दोनच वाक्यं बोलतो. त्यांच्यापुढे फोटो ठेवा, एका बैठकीला दहा-बारा, त्याहून जास्त नको. आणि कामाचं विचारा. पटाच्या दिवशी दाणीच्या, म्हणजे धावपट्टीच्या कोणत्या टोकाला उभे राहायचात? धावणाऱ्या जोडीवर शटर किती ठेवायचात? एका रोलमध्ये बाराच फोटो, तर नवरदेवाच्या वरातीवर किती खर्चायचे हे कसं ठरायचं? रात्रीच्या नाटकात उजेड कशाचा? उन्हाळ्यात डेव्हलपरचं पाणी वीस अंशांवर कसं आणायचात? बर्फ कुठून? कारागिराला हाताचं विचारलं की तोंड उघडतं.

आवाजात एक गफलत हमखास होते. वडील बोट ठेवून ‘हा माझा मामेभाऊ’ म्हणतात आणि रेकॉर्डिंगमध्ये फक्त ‘हा’ उरतो. तुम्ही लगेच मोठ्याने म्हणा, “फोटो नंबर 41, डावीकडून तिसरे, फेटेवाले.” कॉलरचा माइक लावा, कूलर आणि पंखा बंद ठेवा. म्हणून बैठक सकाळची, चाळीस मिनिटांची. सुरुवातीला तारीख, गाव, हजर असलेल्यांची नावं आणि वडिलांची संमती बोलून घ्या. उतरवताना त्यांची बोली शुद्ध करू नका.

प्रश्न : निगेटिव्हच्या नकला मोबाइलने होतील का? (दर्यापूर तालुका, जि. अमरावती)

ओळख पटवण्यापुरत्या होतील. खाली टॅबलेटचा पांढरा पडदा, त्यावर पाच-सात सेंटिमीटर उंचीवर दुधी अ‍ॅक्रिलिक आणि त्यावर निगेटिव्ह. थेट पडद्यावर ठेवली तर पडद्याचे ठिपके फोटोत येतात. खोलीत अंधार, मोबाइल स्टँडवर, झूम दुप्पट, टायमर लावून. मग रंग उलटा करा.

जपायच्या नकलेसाठी फिल्मचा स्कॅनर किंवा मॅक्रो लेन्सचा कॅमेरा हवा. 120 रोलची चौकोनी निगेटिव्ह 56 मिलिमीटरची असते. 2400 डीपीआयला (इंचामागे 2400 ठिपके) तिचे एका बाजूला सुमारे 5,300 पिक्सेल होतात आणि 16 बिटच्या कृष्णधवल टिफ फाइलचं वजन 55 एमबीच्या आसपास येतं. हजार निगेटिव्हना 55 जीबी. पस्तीस मिलिमीटरला 3200, हाफ प्लेटला 1200 पुरे. प्लेटा नेण्याआधी स्कॅनरच्या झाकणातला दिवा तेवढ्या मापाचा आहे का ते विचारा, साध्या स्कॅनरमध्ये तो फक्त मधल्या पट्टीपुरता असतो. ‘शार्पनेस’ आणि ‘धूळ काढा’ हे दोन्ही बंद ठेवा. दुसरं चालू राहिलं तर कृष्णधवल फिल्मची चांदीच धूळ समजली जाते. क्रम लावायचा झाला तर आंबट वासाच्या निगेटिव्ह पहिल्या, रंगीत दुसऱ्या. रंगीत फिल्मचे रंग अंधारातही उडतात, कृष्णधवलला तेवढी घाई नाही.

प्रश्न : तिघा भावांत निगेटिव्ह वाटून घ्यायच्या म्हणतात. शिवाय या फोटोंचं प्रदर्शन केलं तर हक्क कोणाचा? (रिसोड तालुका, जि. वाशीम)

निगेटिव्ह वाटू नका. नकला तिघांना द्या आणि मूळ संच एका ठिकाणी ठेवा. कुठे आणि कोणाच्या ताब्यात, ते तिघांच्या सहीने लिहून काढा.

हक्काचं उत्तर अनेकांना चकित करतं. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 प्रमाणे गिऱ्हाइकाने पैसे देऊन काढवून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, गिऱ्हाइकाचा. निगेटिव्ह तुमच्या घरात असली तरी. वडिलांनी स्वतःच्या हौसेने काढलेले बाजाराचे, पोळ्याचे फोटो त्यांचे, म्हणून वारसांचे. 2012 च्या दुरुस्तीनंतर मुदत छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं आहे. त्याआधीच संपलेला हक्क पुन्हा जिवंत होत नाही. गावात प्रदर्शन करायचं तर बिलबुकातून घराणी शोधा आणि विचारा, बहुतेक आनंदाने हो म्हणतात. संस्थेला द्यायचं झालं तर नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय म्हणजे अजब बंगला किंवा विदर्भ संशोधन मंडळ यांच्याकडे चौकशी करा. यादी जोडलेलं दानपत्र करा आणि निगेटिव्ह कोणत्या खोलीत राहतील ते आधी जाऊन बघा.

प्रश्न : काकांच्या अ‍ॅग्फा क्लिकमध्ये रोल अडकलेला आहे. मागच्या लाल खिडकीत 7 आकडा दिसतो. उघडून पाहू का? (तुमसर तालुका, जि. भंडारा)

उघडू नका. आकडा दिसतो म्हणजे पाठीमागचा कागद शाबूत आहे. खिडकीवर काळी पट्टी लावा आणि चावी हळूहळू फिरवत राहा. हाताला लागणारा ताण एकदम सुटला की रोल पूर्ण गुंडाळला गेला. मध्येच अडला तर जोर करू नका, कागद फिल्मला चिकटला असेल. मग ते काम पूर्ण अंधाऱ्या खोलीतच होईल. निघालेला रोल अंधारात काढून काळ्या कागदात गुंडाळा आणि कृष्णधवल धुणाऱ्याकडे द्या, रंगीत असला तरी. जुन्या रंगीत रोलमध्ये रंग उरत नाही, पण कृष्णधवल डेव्हलपरमध्ये सावली तरी उमटते. द्रावण वीस अंशांच्या वर नको, जुनं जिलेटिन मऊ पडतं. मे महिन्यात देत असाल तर त्याच्याकडे बर्फाची सोय आहे का, एवढं आधी विचारून घ्या.