काकूंनी पोहे दिले, आता भाव कमी कसा सांगू?

घर घेता घेता भांडायला लागलेली जोडपी माझ्याकडे समुपदेशनाला बरीच येतात, आणि भांडण कशावरूनही सुरू झालेलं असलं तरी थोडं खोदलं की एकच प्रश्न निघतो, मालकाने सांगितलेल्या आकड्यापेक्षा कमी ऑफर दिली तर त्यांना अपमान वाटेल का, चिडून घर दुसऱ्यालाच देऊन टाकतील का. त्यावर एक केस सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

दोघंही पस्तिशीतले, नऊ वर्षं पुण्यात भाड्याने राहिलेले, दर अकरा महिन्यांनी नवं ॲग्रीमेंट आणि वाढलेलं भाडं, त्यामुळे घराची घाई खरीच होती. कर्वेनगरला रीसेलचा टूबीएचके बघितला. जुनी सोसायटी, दुसरा मजला, लिफ्ट नाही, पण बाल्कनीसमोर आंब्याचं झाड. मालक बँकेतून रिटायर झालेले, मागणी 92 लाख. पहिल्याच भेटीत काकूंनी पोहे दिले, वर ओलं खोबरं, मग चहा, मग काकांनी विचारलं की तुमचं मूळ गाव कुठलं आणि निघालं शेजारचंच. उठता उठता नवऱ्याच्या तोंडून निघून गेलं, "काका, नव्वदपर्यंत आम्ही जाऊ शकतो." बायकोला न विचारता. बायको खाली पार्किंगमध्ये येईपर्यंत गप्प आणि त्यानंतर चार दिवसही गप्प.

खरी गंमत पुढे आहे. दोन दिवसांनी काकांचा फोन, "मुलाशी बोललो, 93 च्या खाली जमणार नाही." हा हादरलाच. माणसं अशी कशी, एवढं आपुलकीने बोलले आणि आता भाव वाढवतात?

मी त्याला विचारलं, तुम्ही मंडईत मेथीची जुडी तीसला सांगितली आणि समोरच्याने न बोलता तीस काढून दिले तर तुम्हाला काय वाटेल? बायको म्हणाली, "हा? हा पाच रुपयांवरून तिथे दहा मिनिटं अडून बसतो." तेच तर. काकांनी 92 सांगितले तेव्हा त्यांच्याही मनात असणार की समोरचा 82-83 म्हणेल, मग खाली-वर करत कुठेतरी थांबू, आणि हा बसल्या बैठकीला नव्वद म्हणाला, तर त्यांना वाटलं आपणच कमी सांगितला की काय. म्हणजे इथे कमी ऑफरने कुणी दुखावलं नाही, उलट चटकन हो म्हटल्याने समोरचा अस्वस्थ झाला. (मीही माझ्या फ्लॅटच्या वेळी जागच्या जागी हो म्हणून बसले होते, आमच्याकडे दर दिवाळीला तो विषय निघतो.)

मग म्हटलं, मी काका, बोला माझ्याशी. तो सुरू झाला, "काका, घर खूपच छान आहे, म्हणजे आम्हाला तसं परवडणारं नाहीये पण, तुम्ही मोठे आहात, तुम्हाला मी काय सांगणार, पण जरा काही होत असेल तर..." आणि थांबला. मी म्हटलं, आकडा कुठाय? आकडा आलाच नव्हता. एकदा काका म्हटलं की नातं लागतं आणि नात्यात पैशाचं बोलायचं नाही हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. पण काकांना तुम्ही पुतण्या नाही, गिऱ्हाईक आहात, आणि त्यात काही वाईट नाही.

बायकोने पर्समधून लाइटबिल काढलं, त्याच्या मागे पेन्सिलने हिशोब होता. हातात सगळं मिळून 24 लाख. 84 लाखांना घर घेतलं तर बँक 80 टक्के देणार, म्हणजे स्वतःचे 16 लाख 80 हजार, त्यावर पुणे महापालिका हद्दीत स्टॅम्प ड्युटी 7 टक्के म्हणजे 5 लाख 88 हजार, रजिस्ट्रेशन 30 हजार, एजंटचा एक टक्का 84 हजार. बेरीज 23 लाख 82 हजार. नव्वदला तीच बेरीज साडेपंचवीस होते. दीड लाख कुठून आणणार विचारलं तर तो म्हणाला मेहुण्याकडून, आणि ती त्याच्याकडे बघतच राहिली, कारण मेहुणा म्हणजे तिचाच भाऊ आणि तिला हे माझ्यासमोर पहिल्यांदा कळत होतं. त्या दिवशीचा अर्धा तास त्यातच गेला, आणि जायलाच हवा होता.

मधल्या काळात एजंटने आणखी एक पिल्लू सोडलं, दहा लाख रोख द्या, कागदावर 80 च दाखवू, मग काका 90 ला तयार होतील आणि तुमची ड्युटीही वाचेल. ॲग्रीमेंट 80 चं झालं की कर्जही 80 वरच मिळणार, म्हणजे हे दहा पूर्ण स्वतःच्या खिशातून. शिवाय घराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. यापुढचं मी वकिलावर सोडलं, माझं काम नाही ते. एवढंच म्हटलं की "सोमवारी दुसरी पार्टी येतेय, आजच टोकन टाका" असं कुणी म्हणालं तर आधी घरी जाऊन जेवा, आणि टोकन द्यायचंच झालं तर बँकेतून द्या, सोबत एक कागद करा की कर्ज मंजूर झालं नाही किंवा कागदपत्रांत अडचण निघाली तर पैसे परत.

शेवटी ऑफर व्हॉट्सॅपवर गेली, माझ्याच समोर टाइप केली, चारदा खोडली. 82 लाख, कर्जाची पूर्वमंजुरी आहे, बाथरूमच्या गळतीचं आणि वायरिंगचं काम करावं लागेल, रजिस्ट्रेशनची तारीख तुमच्या सोयीने. "सॉरी काका" त्याने दोनदा घातलं आणि तिने दोनदा काढलं. तीन दिवस उत्तर नाही. ब्लू टिक दिसतेय आणि उत्तर नाही, हा माणूस ऑफिसातून मला मेसेज करतोय, मॅडम चिडले असतील का. मी लिहिलं, विचार करत असतील.

चिडले नव्हते. काकांनी फोन केला, शांतपणे, 88 फायनल. यांनी 84 सांगितले, यापुढे आम्ही जाऊ शकत नाही, आणि त्यांनीही बरं म्हटलं. घर दुसऱ्याला गेलं. ती माझ्यासमोर रडली, आंब्याच्या झाडासाठी रडली असं ती म्हणाली. तो तिच्या शेजारी बसून होता, हे मला त्या दिवशी जास्त महत्त्वाचं वाटलं.

साडेतीन महिन्यांनी त्याचा फोन आला, वारज्याला एक फ्लॅट बघून आलोय म्हणून. मी विचारलं, पोहे होते का?

"होते की. खाल्ले, छान झालेत म्हटलं, आणि मग अठ्ठ्याहत्तर सांगितले."