शेक कमरेला, तळपायांना नाही
ताई, दुखरी कंबर, खुबा आणि बधिर तळपाय यांना शेक द्यावा का, असं विचारलंत. कंबर आणि खुब्यासाठी गरम पाण्याची पिशवी जरूर घ्या, पण बधिर तळपायांना ती कधीच लावू नका. चटका कळतच नाही, थेट फोड दिसतो. माझ्या मते हीच सगळ्यात मोठी काळजी. रोज रात्री आरशात तळवे बघा, देवळातही मोजे घालूनच जा. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल तर बी-१२ जीवनसत्त्व तपासून घ्या. ते कमी पडलं तरी मुंग्या येतात. नसांच्या दुखण्यावरच्या प्रीगाबालिन गोळीने गरगरतं, म्हणून रात्री उठताना आधी पलंगाच्या कडेला बसा. ती गोळी मनाने एकदम बंद करू नका. आणि लघवी अचानक अडली किंवा बैठकीचा भाग बधिर झाला, तर सकाळची वाट न बघता इस्पितळ गाठा.