हिमालयन क्वेल मसुरी-नैनीतालबाहेर शोधावा का?

शोधा, पण कुठेही नको. हा लावा फक्त मसुरी आणि नैनीतालच्या आसपासच मिळाला, शेवटचा १८७६ साली नैनीतालजवळ. मारून जपून ठेवलेले नमुने जेमतेम डझनभर. तिथेच मिळाला याचं एक कारण मला असं वाटतं की बंदुका घेऊन फिरणारे साहेब लोकही तिथेच होते! त्यामुळे मधला गढवाल-कुमाऊँचा पट्टा सोडू नका.

जागा निवडताना नकाशावरच्या नावापेक्षा उतार बघा. साधारण १६५० ते २४०० मीटर उंची, दक्षिणेकडे तोंड असलेला तीव्र उतार, उंच गवत आणि मध्ये झुडपं. चिअर फेजंट या हिमालयातल्या रानकोंबडीसारख्या पक्ष्याला आवडते तशीच जागा. पक्षी पायाखाली येईपर्यंत उडत नसे, म्हणून दुर्बीण घेऊन कड्यावर बसण्यात फारसा अर्थ नाही. वनखात्याची परवानगी काढून गवतातल्या पायवाटांवर कॅमेरा ट्रॅप (समोर हालचाल झाली की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) लावणं जास्त बरं. जुन्या नोंदी नोव्हेंबर ते जूनमधल्या आहेत.

लाल चोच दिसली म्हणून लगेच नाचू नका, चुकार या तित्तिरासारख्या पक्ष्याची चोचही लालच असते. डोळ्याच्या पुढे-मागे पांढरा ठिपका आणि लाव्याच्या मानाने लांब शेपटी, हे फोटोत आलं पाहिजे.