‘मी खरी गेमर नाही, हे तिथे कळलं तर?’

समुपदेशनाच्या माझ्या कामात थंडीचे दिवस आले की एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, मला गेमिंग खूप आवडतं. मुंबईत मोठा मेळा भरतोय, जायचंय. पण सोबत कोणी नाही. तिथे सगळे एकमेकांच्या ओळखीचे असणार. मी एका कोपऱ्यात उभी राहीन आणि मला फारसं काही येत नाही हे सगळ्यांना कळेल." विचारणारे बहुतेक जण सतरा ते पंचविशीतले असतात. बाहेरच्यांना हा प्रश्न किरकोळ वाटतो. ‘जायचं तर जा, नाहीतर नको जाऊ,’ असं घरचे सांगून मोकळे होतात. पण माझ्यासमोर बसलेल्या मुलामुलींना या एका प्रश्नापायी रात्र रात्र झोप लागत नाही, हे मी पाहिलंय.

यावर एका मुलीची गोष्ट सांगते. तिची परवानगी घेतली आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तिला केतकी म्हणू. वय बावीस, राहायला डोंबिवलीला, सीएच्या ऑफिसात आर्टिकलशिप करणारी. लॉकडाऊनच्या काळात ती व्हॅलोरंट खेळायला लागली. पाच विरुद्ध पाच असा हा ऑनलाइन नेमबाजीचा खेळ २०२० मध्ये आला. यात आपल्या चौघा साथीदारांशी सतत बोलावं लागतं: शत्रू कुठे आहे, मी कुठून येते, थांबा, आता चला. केतकी मात्र माइक बंद ठेवून खेळायची. सुरुवातीला एकदा तिने माइक चालू केला, तर तिचा आवाज ऐकताच अनोळखी साथीदारांपैकी एक जण म्हणाला, "अरे, लडकी है!" मग स्वयंपाकघरात जायचे सल्ले सुरू झाले आणि पुढे जे बोललं गेलं ते तिने मला सांगितलं नाही, कागदावर लिहून दिलं. तेव्हापासून माइक बंद. खेळातलं नाव मुलाचं की मुलीचं कळू नये असं. सांगायचं ते नकाशावर खुणा करून किंवा टाइप करून.

या खेळातलं तिचं आवडतं पात्र किलजॉय. पिवळं जाकीट, चष्मा, यंत्रं बनवणारी हुशार जर्मन मुलगी. केतकीच्या मनात होतं की मुंबई कॉमिक कॉनला किलजॉय होऊन जायचं. कॉमिक कॉन आपल्याकडे २०११ मध्ये दिल्लीत सुरू झालं, नंतर मुंबईसह इतर शहरांत पोहोचलं. नाव कॉमिक्सचं असलं तरी आता तिथे गेमिंगचा मोठा पसारा असतो: खेळून पाहायची यंत्रं, स्पर्धा, आणि आवडत्या पात्राचा वेश करून आलेले शेकडो लोक. या वेश करण्याला कॉस्प्ले म्हणतात. केतकीने जाकीट घेऊन ठेवलं होतं. ते कपाटात तसंच पडून होतं, आणि तिकिटाचं पान ती रोज उघडून बंद करायची.

पहिल्या भेटीत आईबाबा सोबत होते. बाबांचा पहिला प्रश्न, "हे व्यसन तर नाही ना?" तो लगेच निकालात काढता आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत गेमिंगचा विकार आहे. ती यादी २०२२ पासून लागू झाली. पण त्यासाठी खेळावरचा ताबा सुटावा लागतो, बाकी सगळं मागे पडावं लागतं, नुकसान दिसत असूनही खेळ चालू राहावा लागतो आणि हे साधारण वर्षभर चालावं लागतं. केतकी ऑफिस सांभाळून रात्री दीड-दोन तास खेळायची, परीक्षा वेळेवर देत होती. तिचा प्रश्न जास्त खेळण्याचा नव्हताच. आईची काळजी निराळी होती: मुखवटे घातलेली माणसं, एवढी गर्दी, आणि "ती डिस्कॉर्डवरची मुलं कोण कुठली!" डिस्कॉर्ड म्हणजे गेमर मंडळी जिथे गप्पा मारतात ते अ‍ॅप. तिथे केतकीची तिघांशी ओळख झाली होती, प्रत्यक्ष भेट मात्र नव्हती.

पुढच्या वेळी केतकी एकटी आली. मी तिला एक कोरा कागद दिला आणि म्हटलं, त्या दिवशी काय काय वाईट होईल ते सगळं लिही. ‘कोणीतरी न विचारता फोटो काढेल.’ ‘गर्दीत कोणीतरी हात लावेल.’ ‘रँक विचारतील आणि सिल्व्हर सांगितल्यावर हसतील.’ ‘बोलताना माझा चेहरा लाल होईल, आवाज कापेल.’ ‘किलजॉयला ही जाडी शोभत नाही असं म्हणतील.’ ‘डिस्कॉर्डवरचे तिघे मला प्रत्यक्ष पाहून निराश होतील.’ (रँक म्हणजे खेळातली श्रेणी, आणि सिल्व्हर ही खालच्या श्रेणींपैकी एक.)

आम्ही त्या यादीचे दोन भाग केले. माझ्या मते या प्रकरणातलं सर्वांत महत्त्वाचं काम हेच होतं. पहिल्या दोन गोष्टी केतकीच्या मनाचे खेळ नव्हते. गर्दीत बायकांना हा त्रास होतो, कॉस्प्ले करणाऱ्यांना जास्त होतो. म्हणूनच २०१४ मध्ये न्यूयॉर्क कॉमिक कॉनने ‘वेश केला म्हणजे संमती दिली असं नाही’ अशा अर्थाच्या पाट्या ठळक लावल्या होत्या. अशा भीतीला ‘सकारात्मक विचार कर’ म्हणून उडवून लावणं हा त्या मुलीवर अन्याय आहे. या भीतीला लागते ती व्यवस्था. उरलेल्या चार गोष्टी मात्र वेगळ्या जातीच्या होत्या. तिथे व्यवस्था करून उपयोग नव्हता. ते अंदाज खरे ठरतात का, हे तपासायला हवं होतं.

व्यवस्थेचं काम आईला सोबत घेऊन केलं, आणि त्यात आईची डोकेबाजी पाहून मला फार आनंद झाला. घरून साधे कपडे, वेश तिथे पोहोचल्यावर. मोबाइलवरून ठावठिकाणा आईला दिसत राहील. डिस्कॉर्डवरच्या तिघांना भेटायचं ते सभागृहाच्या आतच, खाण्याच्या जागेजवळ. त्यांच्या गाडीतून येणं-जाणं नाही, रात्रीचं जेवण नाही. कोणी फोटो काढू लागलं तर म्हणायचं वाक्य आधीच ठरवून ठेवायचं: "आधी विचारायचं." एवढंच. हे वाक्य तिने माझ्या खोलीत मोठ्याने म्हणून पाहिलं. पहिल्यांदा ते विनंतीसारखं आलं. काही वेळा म्हटल्यावर शेवटच्या शब्दाला आवाज ठामपणे खाली उतरायला लागला, तेव्हा थांबलो.

आता उरलेल्या चार गोष्टी. सामाजिक भीतीबद्दल डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये एक मांडणी केली, ती रोजच्या कामात मला फार उपयोगी पडते. भित्रं मन चारचौघांत गेलं की समोरच्याकडे पाहणं सोडतं आणि स्वतःवरच पहारा ठेवतं. छातीत धडधडतंय म्हणजे ते सगळ्यांना दिसतंय, असं ते धरून चालतं. त्यात स्वतःला वाचवायच्या क्लृप्त्या असतात: मान खाली, मोबाइलमध्ये डोकं, वाक्य मनात तीनदा घोकून मग बोलणं. या क्लृप्त्यांमुळेच माणूस तुटक दिसतो आणि भीती आहे तशी राहते. केतकीचा बंद माइक हीदेखील अशीच एक क्लृप्ती होती, फक्त तिच्यामागे खरं कारण होतं.

मी तिला विचारलं, "तीन मिनिटं किलजॉयबद्दल बोलशील? मी मोबाइलवर रेकॉर्ड करते." बोलण्याआधी तिने लिहून ठेवलं: चेहऱ्याचा लालपणा दहापैकी नऊ, आवाजाची थरथर दहापैकी आठ. मग ती बोलली. किलजॉयचं यंत्र कुठे लावलं की शत्रू फसतो, कोणत्या नकाशावर ते लावू नये, हे सांगताना तिचे हात हवेत नकाशा काढत होते. रेकॉर्डिंग पाहायच्या आधी मी तिला सांगितलं, ही कोणी अनोळखी मुलगी आहे असं समजून बघ. ती बघत राहिली. "मॅडम, ही तर..." म्हणून थांबली. मग म्हणाली, "हिला खेळ कळतो." लालपणाला तिने तीन गुण दिले, थरथरीला दोन.

कॉर्नेल विद्यापीठातल्या थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये छापलेला एक प्रयोगही मी तिला सांगितला. विद्यार्थ्यांना एका गायकाचा चेहरा छापलेला, लाज वाटेल असा टीशर्ट घालून इतरांनी भरलेल्या खोलीत पाठवलं. घालणाऱ्यांना वाटलं निम्म्या लोकांच्या ते लक्षात आलं असणार. प्रत्यक्षात ते जेमतेम पाव लोकांच्या लक्षात आलं होतं. केतकीने यावर लगेच बिनतोड प्रश्न विचारला: "पण मॅडम, कॉस्प्लेमध्ये तर लोक बघणारच ना? त्यासाठीच तर करतात!" बरोबर होतं तिचं. तिथे लोक बघतात. पण बघतात ते जाकिटाकडे, हातातल्या यंत्राकडे, आणि ओळखीचं पात्र दिसल्याचा त्यांना आनंद होतो. पुढच्या क्षणी शेजारून दुसरं कोणी भन्नाट वेशात जातं आणि नजर तिकडे वळते. म्हणून ठरवलं की तिनेही बघायचं. दिवसभरात पाच जणांना त्यांच्या वेशाबद्दल एकेक प्रश्न विचारायचा: हे कशाचं बनवलंस? चिकटवलंस कशाने? एवढं एक काम घेऊन जायचं. आवड असलेल्या माणसाला त्याच्या हातच्या कामाबद्दल विचारलं की तो आपली परीक्षा घेत बसत नाही, तो बोलायला लागतो.

आणखी एक मोकळीक ठरली: केव्हाही निघून यायची. दोन तासांनी परत आली तरी ती गेली होती, असंच मोजायचं. अमेरिकेतल्या पॅक्स या गेमिंग मेळ्यांत ‘टेक धिस’ नावाच्या संस्थेने शांत बसायची एक खोली चालवली आहे, गर्दीने गांगरलेल्यांसाठी तिथे मानसिक आरोग्याचं काम करणारे लोक असायचे. असं आपल्या प्रत्येक मेळ्यात असावं अशी माझी मनापासून इच्छा आहे. तोवर आपली शांत जागा आपणच हेरून ठेवायची.

तो दिवस कसा गेला ते तिच्या तोंडून ऐकलेलं सांगते. किलजॉयचं यंत्र तिने फोम शीट कापून, ग्लू गनने चिकटवून बनवलं होतं, आणि उशीच्या अभ्र्यात घालून लेडीज डब्याच्या रॅकवर ठेवलं होतं. डोंबिवलीहून दादर, तिथून गाडी बदलून पुढे. एका काकूंनी विचारलं, "शाळेचा प्रोजेक्ट का गं?" केतकी नुसतं ‘हो’ म्हणणार होती. पण तिने सगळं सांगितलं, आणि दादर येईपर्यंत अभ्रा उघडून त्या टोकापासून या टोकापर्यंत यंत्र फिरून आलं. ठरवलेल्या पाचातलं पहिलं संभाषण असं गाडीतच झालं.

आत गेल्यावरचा पहिला तास मात्र वाईट गेला. आवाज, दिवे, धक्के. जाकिटात घामाच्या धारा. ती भिंतीशी जमिनीवर बसून राहिली आणि आईला फोन केला. आई म्हणाली, "ये परत, काही बिघडत नाही. आधी पाणी पी." पाणी प्यायल्यावर ती उठली. साधारण दहा वर्षांचा एक मुलगा ‘किलजॉय!’ म्हणून ओरडत आला, आणि त्याच्या बाबांनी रीतसर विचारून फोटो काढला. मग तिने एका मुलीला तिच्या पंखांबद्दल विचारलं, आणि अर्धा तास दोघी फोमच्या जाडीवर बोलत होत्या. डिस्कॉर्डवरचे तिघे भेटले. तिच्याइतकेच अवघडलेले होते. एक जण तर सुरुवातीला बोललाच नाही.

रँकचा प्रश्नही आला. खेळायच्या यंत्राशी रांगेत उभ्या एका मुलाने विचारलं, ती ‘सिल्व्हर’ म्हणाली, आणि तो हसला. म्हणजे तो अंदाज खरा ठरला. मी विचारलं, "मग?" ती म्हणाली, "मग माझा नंबर आला आणि मी खेळले." आणि एकाने न विचारता फोटो काढलाच. ठरवलेलं वाक्य तिने म्हटलं. त्याने माफी मागितली नाही, पण मोबाइल खाली केला. कॉस्प्लेच्या स्पर्धेत तिने नाव दिलं नाही. चार वाजता ती निघाली.

त्या रात्री ती झोपली नाही. प्रत्येक वाक्य पुन्हा पुन्हा उगाळत राहिली: तिथे मी असं का म्हणाले, तो हसला तेव्हा माझा चेहरा कसा दिसला असेल. असं होणार हे आम्ही आधीच बोलून ठेवलं होतं, कारण सामाजिक भीती असलेल्या माणसाचं मन कार्यक्रम संपल्यावरही काम थांबवत नाही. तेव्हा काय करायचं तेही ठरलं होतं: आठवणीतला चेहरा बाजूला ठेवून, घडलेल्या गोष्टी फक्त लिहायच्या. कोण काय बोललं, काय केलं. ती वही तिने मला दाखवली. सव्वादोन पानं भरली होती, आणि त्यात हसणाऱ्या मुलावर एकच ओळ होती.

ज्यांना मेळ्याच्या नुसत्या विचाराने घाम फुटतो, श्वास अडकतो, किंवा कॉलेज-ऑफिसलाही जाणं जड होतंय, त्यांनी एकट्याने धाडस करण्याआधी समुपदेशकाला किंवा मनोविकारतज्ज्ञाला भेटावं. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, मराठीतही बोलता येतं. बाकीच्यांनी एखाद्या मेळ्याचं एका दिवसाचं तिकीट काढावं, आणि काय विचारायचं ते मनाशी ठरवून जावं.

केतकी अजून माझ्याकडे येते. अनोळखी साथीदार असले की तिचा माइक अजूनही बंदच असतो, आणि तो चालू करायलाच हवा असा माझा आग्रह नाही. तिथली शिवीगाळ खरी आहे आणि ती थांबवणं हे केतकीचं काम नाही. पण त्या तिघांसोबत खेळताना ती आता बोलते. पंखवाली मुलगी पाचवी म्हणून त्यांच्यात आली आहे, आणि नकाशावर कोण कुठून येतंय ते केतकीच सगळ्यांना ओरडून सांगते.