अमेरिकेचे अध्यक्ष म्हणून बुश यांची २००० ची निवडच वादग्रस्त होती, मग इराक युद्धातल्या मृत्यूंना जबाबदार कोण?

या दोन प्रश्नांची नेहमी गल्लत होते. अध्यक्ष कोण, हे ज्या राज्यावर ठरलं त्या फ्लोरिडातला फरक होता अवघा ५३७ मतांचा. तिथल्या पाम बीच काउंटीच्या (जिल्ह्याच्या) मतपत्रिकेत नावं दोन्ही बाजूंना आणि मत देण्यासाठी पाडायची भोकं मात्र मधल्या एकाच रांगेत. बुश यांचे मुख्य प्रतिस्पर्धी अल गोर यांचं नाव डावीकडे दुसरं, पण त्यांचं भोक तिसरं! दुसरं होतं एका छोट्या पक्षाचे उमेदवार ब्यूकॅनन यांचं. बरीच म्हातारी मंडळी तिथेच फसली. फेरमोजणी सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी थांबवली. देशभरात गोर यांना पाच लाखांहून जास्त मतं अधिक होती, ते वेगळंच. माझ्या मते ही निवड कायदेशीर होती, पण स्वच्छ म्हणवत नाही.

पण म्हणून इराकचं खापर त्या मतपत्रिकेवर फोडता येत नाही. युद्धाची परवानगी २००२ मध्ये अमेरिकी काँग्रेसने (तिथल्या संसदेने) दिली, बाजूने मत देणाऱ्यांत विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाचे जॉन केरी आणि हिलरी क्लिंटनही होते. युद्धाचं कारण म्हणून सांगितलेले महासंहारक शस्त्रांचे साठे सापडले नाहीत, तरी २००४ मध्ये बुश तीस लाखांच्या आघाडीने परत आले. या वेळी मतदारांनी डोळे उघडे ठेवून निवडलं होतं.

ब्रिटनने निदान चौकशी तरी केली. चिलकॉट समिती २००९ मध्ये बसली, अहवाल आला २०१६ मध्ये. तोवर युद्धाच्या वेळचे पंतप्रधान ब्लेअर यांना पद सोडून नऊ वर्षं झाली होती. ताशेरे कडक, खटला शून्य. एक लाखाहून जास्त इराकी नागरिक मेले, त्यांना तर कुठेच मत नव्हतं.