पहिला एलईडी लावण्यापूर्वी

इलेक्ट्रॉनिक्स शिकू लागण्याविषयीचे आपले पत्र वाचले; आपला उत्साह पाहून आनंद झाला. मात्र रोबो करण्याचा आणि घरातील दिवे मोबाइलवरून चालवण्याचा बेत तूर्त बाजूला ठेवावा. आर्डुइनो उनो (प्रोग्राम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड), एक ब्रेडबोर्ड (सोल्डरिंगशिवाय जोडणी करण्याची छिद्रांची पट्टी), जोडतारा, काही एलईडी, २२० ओहमचे रेझिस्टर (प्रवाह मर्यादित ठेवणारे भाग) आणि व्होल्ट, प्रवाह मोजणारा एक साधा मल्टिमीटर एवढ्या साहित्यावर पहिले दोन महिने सहज जातात, आणि हे सारे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत सुटे मिळते.

नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे एलईडी रेझिस्टरशिवाय थेट उनोच्या पिनला, म्हणजे बोर्डावरील तार जोडण्याच्या जागेला, जोडणे. उनोची पिन ५ व्होल्ट देते, त्यातील सुमारे २ व्होल्ट लाल एलईडीवर पडतात, आणि उरलेल्या ३ व्होल्टांना २२० ओहमने भागले की सुमारे १४ मिलिअँपिअर प्रवाह येतो. पिनकडून २० मिलिअँपिअरपेक्षा अधिक मागू नये, कारण ४० ही तिच्या सहनशक्तीची अंतिम सीमा आहे. हा भागाकार एकदा स्वतः कागदावर करून पाहावा.

आणखी तीन गोष्टी:

- मोटर थेट पिनवर चालवू नये; तिला ट्रान्झिस्टर (पिनच्या इशाऱ्यावर मोठा प्रवाह चालू-बंद करणारा भाग), संरक्षक डायोड (मोटर बंद होताना उसळणाऱ्या व्होल्टेजपासून वाचवणारा भाग) आणि वेगळा वीजपुरवठा द्यावा, व दोन्ही पुरवठ्यांचे ग्राउंड, म्हणजे शून्य व्होल्टचे टोक, एकमेकांना जोडावे. हे ग्राउंड विसरून मी एक अख्खा रविवार प्रोग्राममधील चूक शोधण्यात घालवला होता.
- जोडणी बदलताना यूएसबी केबल काढावी.
- २३० व्होल्टांच्या घरगुती विजेला सध्या हातच लावू नये.

ईएसपी३२ हा वाय-फाय असलेला बोर्ड नंतर घ्यावा; त्याच्या पिना ३.३ व्होल्टांच्या असतात आणि ५ व्होल्टांची सवय तेथे घातक ठरते.